खाण्याचा सोडा, व्हिनेगर आणि पहिला नंबर

पालघर जिल्ह्यात ज्वालामुखी नाही. विज्ञान प्रदर्शनात मात्र तो दरवर्षी न चुकता फुटतो. थर्माकोलचा डोंगर, वर तपकिरी रंग, पोटात खाण्याचा सोडा, वरून व्हिनेगर. फेस आला की प्रमुख पाहुणे टाळ्या वाजवतात. शेजारच्या टेबलावर सिरिंजची जेसीबी, त्याच्या पुढे पवनचक्की, मग 'पर्यावरण वाचवा'. हेही थर्माकोलवर, बरं का. २०१८ साली राज्य सरकारने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, गणपतीचं मखर गेलं, आणि ते जसंच्या तसं विज्ञान प्रदर्शनात येऊन बसलं. फरक एवढाच, की मखरात निदान मूर्ती तरी असायची.

मी परीक्षक म्हणून या टेबलांवरून फिरलो आहे. पोटापाण्यासाठी तारापूर एमआयडीसीत प्रेशर गेज आणि तापमापकं कॅलिब्रेट करतो. ज्या उपकरणाबद्दल 'हे किती चुकतं' ते सांगता येत नाही, ते बाजूला काढायचं, हा आमचा धंदा. त्या हिशेबाने बघितलं तर अख्खा मांडवच बाजूला काढावा लागेल. कारण तिथे कोणी काही मोजलेलंच नसतं. दिवा लागतो, पंखा फिरतो, फेस येतो. किती? कशाच्या मानाने? काल किती होता? चिडीचूप.

एका जेसीबीपाशी नववीतली मुलगी उभी होती. 'नमस्कार सर, हे पास्कलच्या नियमावर चालतं' इथपासून 'धन्यवाद सर' इथपर्यंत तिने एका दमात म्हटलं. मी विचारलं, "बाळ, ही लहान सिरिंज दाबली की मोठी किती वजन उचलते?" तिने मागे वडिलांकडे पाहिलं. वडील प्रामाणिक निघाले. म्हणाले, "सर, तिला फक्त बोलायचं आहे. बनवलंय मी." त्यांचा मला राग आला नाही. एका टेबलापुरता तरी मांडवात एक माणूस काहीतरी शिकला होता.

त्या जेसीबीत अस्सल माल भरलेला आहे, दुःख त्याचं आहे. मोठ्या दट्ट्याचा व्यास दुप्पट असेल तर क्षेत्रफळ चौपट, म्हणून बळ चौपट. आणि त्या बदल्यात दट्ट्या सरकतो पावपट. हे झालं पुस्तकातलं. आता लहान दट्ट्यावर वाळूची पिशवी ठेवा, मोठ्यावर वजनं चढवत जा आणि कुठे अडतं ते लिहा. चौपट कधीच येणार नाही. रबराचं घर्षण बळातला आपला वाटा कापून घेतं, नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो दाबला जाऊन सरकण्यातला वाटा खातो. घर्षणाचा वाटा किती, साबणाचं पाणी लावल्यावर किती उरला, बुडबुडा काढल्यावर दट्ट्या किती जास्त सरकला, हा झाला प्रकल्प. याला खर्च शून्य रुपये. पण यात शेवटी 'आमचं मॉडेल पुस्तकाएवढं चालत नाही' असं लिहावं लागतं, आणि असं लिहिणाऱ्याला आपल्याकडे उत्तेजनार्थही मिळत नाही.

तयार प्रकल्पांचा बाजार म्हणूनच फोफावला. पूर्वी त्यासाठी डहाणू लोकल पकडून ग्रँट रोडला उतरावं लागे, लॅमिंग्टन रोडवर सगळं मिळायचं. आता स्टेशनरीच्या दुकानात 'वर्किंग मॉडेल' खोक्यात बसून येतं, सोबत पाठ करायचा कागद. दुकानदाराला नावं का ठेवू? मागणी शाळेची आहे. प्रदर्शनाचं पत्र आठवडाभर आधी येतं आणि आठवड्यात फक्त विकत घेता येतं.

हे सगळं चाललंय कुठे? तर १९६९ पासून जिथे अणुशक्तीवर वीज होते, त्या तारापूरच्या आसपास. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने बांधल्या, प्रत्येकी २१० मेगावॉटच्या, पुढे १६० वर आणलेल्या. तिसरी-चौथी ५४० मेगावॉटची, २००५-०६ मध्ये सुरू झालेली, आपल्या लोकांनी उभारलेली. त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. एवढ्या सगळ्या खटाटोपाच्या शेवटी काय आहे? पाण्याची वाफ, वाफेने फिरणारं चाक, आणि चुंबकीय क्षेत्र व तारेचं वेटोळं यांची फिराफिर. म्हणजे दहावीतलं विद्युत जनित्र. त्याची 'सुबक व नामनिर्देशित आकृती' आमची पोरं डोळे मिटून काढतात. जनित्र हाताने फिरवून बघितलंय का विचारा.

जनित्र राहू द्या, चलित्र घ्या. एक जाडा सेल, दोन सेफ्टी पिना, फुटक्या स्पीकरमधलं चुंबक आणि मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची हातभर इनॅमल तार. बोईसरमध्ये पावसाळ्यात इतक्या मोटारी जळतात की रिवाइंडिंगवाल्याच्या दाराशी तारेचा ढीग पडलेला असतो. तो फुकट देतो, वर चहा पाजतो. तारेचं वेटोळं करायचं, दोन टोकं बाहेर काढायची, पिनांच्या भोकांत टेकवायची. आता गंमत अशी, की शहाणी मुलं दोन्ही टोकांवरचं इनॅमल ब्लेडने स्वच्छ खरवडतात आणि वेटोळं नुसतं थरथरतं. अर्धा फेरा मारतं, मागे येतं, गप्प बसतं. इथे सरांनी तोंड बंद ठेवायचं, हे सगळ्यात अवघड. कारण ते थरथरणं म्हणजेच धडा: अर्ध्या फेऱ्यानंतर तारेवरचं बळ वेटोळ्याला उलटं फिरवू लागतं आणि कमावलेलं घालवतं. मग एखादी पोरगी एक टोक पूर्ण आणि दुसरं फक्त अर्ध्या बाजूने खरवडते. नको त्या अर्ध्या फेऱ्यात विद्युतधारा तुटते, वेटोळं आपल्या जोरावर पुढे जातं, पुन्हा धारा मिळते. फिरलं! आकृतीत दुभंगलेलं कडं का काढतात ते तिला आता आयुष्यात कोणी सांगावं लागणार नाही. अरविंद गुप्तांनी हे असले उद्योग पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या 'मुक्तांगण' विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं करून दाखवले, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री दिली की विषय मिटतो, ही आपली पद्धत.

वर्गातल्या प्रयोगाची कथा तर याहून भारी. ऐंशी गुण लेखी, वीस प्रात्यक्षिक, आणि ते वीस पैकीच्या पैकी मिळतात हे गावातल्या गाढवालाही ठाऊक. ओहमच्या नियमाची जर्नलं उघडून बघा. प्रत्येक आलेखात सगळे बिंदू रेषेवर, एकही इकडेतिकडे नाही. माझ्या वर्कशॉपमध्ये अशी रीडिंग घेऊन कोणी आला तर मी त्याला आधी विचारीन, "घेतलीस की लिहिलीस?" रेषा आधी आखायची, बिंदू मागाहून बसवायचे. चौदाव्या वर्षी मुलाला शिकवलेली ही पहिली लबाडी, शाळेच्या शिक्क्यासह. हाच मुलगा पुढे डिप्लोमा करून एमआयडीसीत लागतो आणि रात्रपाळीत केमिकल रिॲक्टरच्या तापमानाचं लॉगशीट खुर्चीत बसून भरतो. मग स्फोट झाला की आपण मेणबत्त्या घेऊन निघतो.

'उपकरणं कुठे आहेत हो?' असा प्रश्न येतो. आहेत, कुलपात आहेत. केंद्राने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब दिल्या, शाळेमागे वीस लाखांपर्यंत अनुदान. मी पाहिलेल्या एका लॅबमधल्या थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकचं कव्हर होतं आणि कव्हरवर धूळ. मुख्याध्यापक अभिमानाने म्हणाले, "अजून नवाच्या नवा आहे." त्यांना हसण्यात अर्थ नाही. डेड स्टॉक रजिस्टर नावाचा जो ग्रंथ आहे, त्यात वस्तूची नोंद एकदा झाली की ती मोडणं हा गुन्हा. मोडली तर निर्लेखनाचे कागद, तपासणी, सह्या. प्रयोगशाळा सांभाळायला माणूस म्हणाल, तर डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची पदं मोडीत काढून हातात शिपाई भत्ता टेकवला. मग शहाणा शिक्षक काय करील? कुलूप घालील. मीही घालीन. मल्टिमीटरचा फ्यूज उडवल्याशिवाय कोणी मल्टिमीटर वापरायला शिकत नाही, हे ज्याला कळतं त्याच्या हातात रजिस्टर नसतं.

आता धुंदलवाडीची गोष्ट. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के सुरू झाले, फेब्रुवारी २०१९ मध्ये चारच्या वरचा बसला. लोक थंडीत घराबाहेर झोपले, मुलं तंबूत. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिक संशोधन संस्थेने येऊन भूकंपमापक बसवले. आणि त्या सुमारास प्रदर्शनात मी काय पाहिलं? लोलक, बझर, थर्माकोलची कोसळणारी इमारत. टेबल हलवलं की बझर वाजतो. अरे, जमीन स्वतः हलत होती ना!

कुठल्याही भूकंपात आधी पोहोचते ती प्राथमिक लहर, मागून येतो दुय्यम लहरीचा हिसका. दोन्हींमधलं अंतर सेकंदात मोजा, ढोबळमानाने आठाने गुणा, धक्क्याचं ठिकाण तुमच्यापासून तेवढे किलोमीटर. मोबाइलमध्ये ॲक्सलरोमीटर असतोच, आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं ॲप फुकट आहे. मोबाइल फरशीवर चिकटवून रात्रभर चालू ठेवायचा. जरा मोठा धक्का असला तर दोन्ही लहरी वेगळ्या दिसतात. धुंदलवाडी, दापचरी, तलासरी, तीन गावांत तीन मोबाइल. घड्याळं जुळवायचीही गरज नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या दोन लहरींमधलाच वेळ मोजतोय. नकाशावर कंपासने तीन वर्तुळं काढा. ती एका बिंदूत मिळणार नाहीत, मध्ये छोटा त्रिकोण उरेल, आणि मुलं म्हणतील, 'सर, चुकलं.' चुकलं नाही रे. भूकंप जमिनीवर नाही, जमिनीच्या पोटात आहे. मोजलेलं अंतर तिरकं आहे. त्या उरलेल्या त्रिकोणात खोली दडलेली आहे. दहावीची भूमिती यापेक्षा चांगल्या कामाला कधी लागली असती?

एक विषय मात्र आमच्या प्रदर्शनात कधीच मोजला जाणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत तारापूर देशात पहिलं आलं. जिल्ह्याने मिळवलेला असा पहिला नंबर दुसरा नाही. टीडीएस मीटर काही शेकड्यांत मिळतो. विहिरी आणि बोअरच्या पाण्याचं वर्षभर दर आठवड्याला रीडिंग घेतलं तर एका वर्गाच्या वहीत सरकारी अहवालाला घाम फोडणारा आलेख तयार होईल. पण मांडवाचा खर्च कंपन्यांच्या सीएसआरमधून, ट्रॉफ्या सीएसआरमधून, पाहुणेही तिथलेच. म्हणून 'जलप्रदूषण: एक समस्या' हा तक्ता रंगवतात आणि त्यात नदी गंगा असते.

'आपल्या भागात हे जमणार नाही' हे वाक्य निदान या जिल्ह्यात तरी कोणी उच्चारू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, खडे घेऊन आदिवासी मुलांची शाळा चालवली. पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि शाळेतल्या मुलांकडून वेल्डिंग, वायरिंग, शेती, माती-पाणी परीक्षण करून घेतलं, तेही गावातल्या खऱ्या गिऱ्हाइकांसाठी. गिऱ्हाईक असलं की थापा चालत नाहीत. वेल्डिंग सुटलं तर गेट अंगावर येतं. राज्य मंडळाने त्या अभ्यासक्रमाला मान्यताही दिली. पाबळला जमलं ते बोईसरला, जिथे दर दहा दुकानांमागे एक फॅब्रिकेशनवाला बसलाय, जमत नाही?

गेल्या खेपेला मी आयोजकांना सुचवलं: मॉडेल राहू दे, प्रत्येक टेबलावर कच्ची वही ठेवायला सांगा. खाडाखोड असलेली, तारखा टाकलेली, न जमलेल्या रीडिंगसकट. निम्मे गुण त्या वहीला. ते सज्जनपणे म्हणाले, "कल्पना छान आहे सर, पण गुणपत्रकात तसा रकाना नाही."

मग आखा की. त्याला पट्टी आणि पेन्सिल लागते, आणि या दोन्हींची डेड स्टॉकमध्ये नोंद होत नाही.