आभाळाच्या नावावर किती खपवायचं?

हवामानबदलामुळे होणाऱ्या स्थलांतराचा विषय निघाला की बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्यांबद्दल दोन मतं हमखास कानी पडतात. एक म्हणतं, “पाऊसच दगा देतो, सरकार काय करणार?” दुसरं म्हणतं, “लोक पिढ्यान्‌पिढ्या साखर कारखान्यावर जातात, त्यात हवामानबदल कुठून आला?”

दुसऱ्या मताचा समाचार आधी घेऊ. ऊसतोड जुनी आहे, हे मान्य. पण आता एकाच वर्षात पावसाचा खंड पेरणी करपवतो आणि परतीचा पाऊस काढणीला आलेलं सोयाबीन कुजवतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं तर मराठवाड्यात हातातोंडाशी आलेली रब्बी झोपवली. दुबार पेरणीला पैसा लागतो. तो नसला की कोरडवाहू शेतकरी ऊसतोड मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या दारी जातो. हवामानबदल नवी वाट पाडत नाही. जुन्या वाटेवरची गर्दी वाढवतो.

पण म्हणून पहिलं मत खरं ठरत नाही. पाऊस सगळ्या गावावर सारखाच रुसतो, तरी बागायतदार घरीच राहतो. कोयता घेऊन निघतात ते अल्पभूधारक आणि भूमिहीन. नवरा-बायको हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात आणि ती फिटेपर्यंत तोडत राहतात. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. मग पाऊस चांगला झाला तरी जावंच लागतं. जायचं कुठे, तर पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, धरणांच्या पाण्यावर पोसलेल्या उसात. हे पाणी कोणत्या पिकाला द्यायचं, हे आभाळानं ठरवलेलं नाही.

हा प्रश्न बीडपुरता नाही. हवामानबदल म्हणजे परदेशी निर्वासितांचे लोंढे, हे चित्रही फसवं आहे. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालानुसार, वेळीच पावलं उचलली नाहीत तर २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसं आपापल्या देशातच विस्थापित होऊ शकतात. म्हणजे उपायही घरातच शोधायला हवेत.

ते अवघड नाहीत. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रानंच रोजगार हमीचा कायदा उभा केला. रोजगार हमीची कामं उचल वाटली जाण्याआधी गावात सुरू व्हावीत. जे तरीही जातील त्यांची नोंदणी व्हावी, जातील तिथे रेशन मिळावं, मुलांसाठी हंगामी वसतिगृहं वेळेवर उघडावीत. आणि पाणीवाटपात कोरडवाहू शिवाराचा हक्क आधी धरावा. यातली एकही गोष्ट पावसावर अवलंबून नाही. ती न करणाऱ्यांनी दुष्काळाची सबब सांगू नये.