मॅकिनॉच्या तळाशी

अमेरिकेतली मिशिगन आणि ह्युरॉन ही सरोवरं जिथे एकमेकांना मिळतात, त्या मॅकिनॉच्या सामुद्रधुनीच्या तळावर १९५३ सालापासून तेलाच्या दोन नळ्या आहेत. एनब्रिज या कॅनेडियन कंपनीच्या ‘लाइन ५’चा हा भाग. दिवसाला ५ लाख ४० हजार पिंपांपर्यंत कच्चं तेल आणि द्रवरूप वायू त्यातून जातो. इथे आजवर गळतीची नोंद नाही, हा समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. पण प्रश्न उद्या गळती झाली तर ती कोणाला, किती वेळात कळेल, हा आहे. आणि त्याचं उत्तर याच कंपनीच्या दुसऱ्या वाहिनीने देऊन ठेवलं आहे. जुलै २०१० मध्ये ती मिशिगन राज्यातल्या मार्शलजवळ फुटली. नियंत्रण कक्षात इशारे वाजत होते, तरी नळीतल्या तेलात पोकळी झाली असावी असं समजून पंप दोनदा पुन्हा सुरू केले गेले. सांडलेल्यापैकी सुमारे ८१ टक्के तेल त्या दोन वेळांतच गेलं, असं राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघालं. सतरा तासांनी खबर दिली ती बाहेरच्या एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने. तेल ज्या कलामझू नदीत गेलं, तिची सफाई पुढे काही वर्षं चालली.

ती निदान एकाच दिशेने वाहणारी नदी होती. मॅकिनॉत प्रवाह दिशा बदलत राहतो, हिवाळ्यात वर बर्फ असतो आणि बर्फाखालचं तेल उपसण्याची खात्रीची रीत कोणापाशीच नाही. जगातल्या भूपृष्ठावरच्या गोड्या पाण्याचा सुमारे पाचवा हिस्सा ही दोन सरोवरं धरून होणाऱ्या पाच महासरोवरांत आहे. शिवाय धोका निव्वळ गंजाचा नाही: एप्रिल २०१८ मध्ये एका जहाजाच्या फरफटत आलेल्या नांगराने या नळ्यांना पोचे पाडले. नळी नवी असती तरी नांगर चुकला नसता.

वाहिनी बंद केली तर तेल रेल्वेने जाईल, हा आक्षेप गंभीर आहे. २०१३ मध्ये कॅनडातल्या लाक-मेगांतिकला तेलगाडी पेटून ४७ माणसं गेली. उत्तर मिशिगनमधली घरं प्रोपेनवर तापतात, हेही खरं. म्हणून पर्यायी पुरवठा आधी उभा करायलाच हवा. पण कलामझूकाठची फुटलेली वाहिनी नव्याने बांधताना तिची क्षमता जवळपास दुप्पट केली गेली आणि ती सामुद्रधुनीला वळसा घालून जाते. ती सगळा भार पेलणार नाही, मोठा वाटा मात्र उचलू शकते. कंपनी तळाखालून बोगदा खणायचा म्हणते. त्याची बोलणी २०१८ पासून चालू आहेत, आणि २०२० मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी परवाना रद्द केल्यानंतरही नळ्या वाहतच राहिल्या. बोगदा व्हायचा तेव्हा होवो. पाण्यात उघड्या पडलेल्या या नळ्या रिकाम्या करायला त्याची वाट पाहण्याचं कारण नाही.