गुणांची वही ठेवणारं गाव

अमेरिकेत आयोवा नावाचं एक राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरं यांच्यासाठी प्रसिद्ध. त्याच्या दक्षिण भागात डे मॉइन नदीच्या काठी ऑटम्वा नावाचं गाव आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढंच म्हणा ना. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपंचवीस हजार भरली. या गावाने व्हिडिओ गेम घडवणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्यांचा सन्मान करणारं संग्रहालय काढायचं मनावर घेतलं. २००९ मध्ये तशी घोषणा झाली आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये, हक्काची इमारत हाताशी नसतानाच, पहिल्या मानकऱ्यांचा सत्कारही करून टाकला.

तुमच्या कपाळावर आठी पडली असेल, तर तुम्ही माझ्या पिढीचे आहात. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर मी हे सांगितलं तेव्हा एक निवृत्त मुख्याध्यापक फटकन म्हणाले, "उद्या पत्ते कुटणाऱ्यांचंही संग्रहालय काढतील!" मी त्यांना म्हटलं, सर, ते आपण केव्हाच काढलंय. सावंतवाडीचा गंजिफा आपण काचेच्या कपाटात ठेवतो आणि शाळेच्या सहली नेऊन पोरांना दाखवतो. गंजिफा म्हणजे तरी काय, पत्तेच की! सारीपाटाचे जुने पट दिसले की "काय कलाकुसर आहे!" म्हणतो. त्या फाशांवर पूर्वी कोणी राज्य घालवलं, कोणी बायको पणाला लावली, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. खेळ जुना झाला की संस्कृती आणि नवा असला की थेर, एवढाच काय तो फरक. सर हसले, पण पटलं नव्हतं. असो.

आता हेच गाव का? ऑटम्वात ना खेळांचे कारखाने, ना कॉम्प्युटरच्या कंपन्या. एकेकाळी आसपास कोळशाच्या खाणी होत्या, मॉरेल कंपनीचा मांस भरण्याचा प्रचंड कारखाना होता, तो १९७३ साली बंद पडला. १९६० मध्ये तेहतीस हजारांवर माणसं होती, मग गाव ओसरत गेलं. बाहेरच्या लोकांना ते ठाऊक होतं ते 'मॅश' या टीव्ही मालिकेतल्या रडार नावाच्या कारकुनाचं गाव म्हणून. म्हणजे गावचा सर्वांत प्रसिद्ध सुपुत्र, आणि तोही काल्पनिक!

अशा गावात १९८१ च्या नोव्हेंबरात वॉल्टर डे नावाच्या माणसाने 'ट्विन गॅलेक्सीज' नावाचं गेमचं दुकान उघडलं. आपल्याकडे ज्याला पार्लर म्हणत तेच. गंमत म्हणजे हा माणूस त्या भागात आला होता तो आपल्या महर्षी महेश योगींमुळे. ऑटम्वापासून चाळीसेक किलोमीटरवर फेअरफील्ड नावाचं गाव आहे, तिथे १९७४ पासून महर्षींचं विद्यापीठ आहे आणि डे हा भावातीत ध्यान करणारा. सकाळ-संध्याकाळ डोळे मिटून बसायचं आणि मधल्या वेळात पोरांना परग्रहावरचे शत्रू मारायला मशिनं भाड्याने द्यायची! पण माणसात एक दुर्मिळ गुण होता. त्याला नोंद ठेवायची हौस होती. दुकान उघडण्याआधी, १९८१ मध्येच, चार महिने हिंडून त्याने शंभरावर पार्लर पाहिली आणि प्रत्येक मशिनवर सगळ्यांत जास्त गुण किती ते टिपून घेतलं. १९८२ च्या फेब्रुवारीत त्याने ही यादी राष्ट्रीय गुणफलक म्हणून जाहीर केली. मग देशभरातून फोन सुरू झाले. अमक्या गावच्या पोराने तमक्या खेळात एवढे गुण केले, लिहून घ्या. पुढे गिनीजच्या पुस्तकातही या नोंदी गेल्या.

आयुष्यभर हजेरीपट आणि गुणपत्रकं लिहिलेल्या माझ्यासारखीला इथे थांबावंसं वाटतं. मी इतिहास आणि मराठी शिकवलं. इतिहास म्हणजे काय, तर कोणीतरी वेळच्या वेळी लिहून ठेवलेलं. ज्याने लिहिलं त्याचं गाव इतिहासात गेलं. ऑटम्वात सर्वांत चांगले खेळाडू होते असं नाही; ऑटम्वात वही होती! १९८२ च्या नोव्हेंबरात 'लाइफ' मासिकाने ठिकठिकाणच्या अव्वल पोरांना तिथल्या मेन स्ट्रीटवर उभं करून फोटो काढला, रस्त्यात मशिनं मांडून. तो १९८३ च्या जानेवारीच्या अंकात छापून आला. त्याच सुमारास महापौरांनी गावाला 'जगाची व्हिडिओ गेम राजधानी' असं जाहीर करून टाकलं, पुढच्या वर्षी राज्याच्या गव्हर्नरांनीही त्यावर मान डोलावली. १९८३ च्या जानेवारीत टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर स्पर्धा झाल्या. आणि मग धंदाच बसला. १९८४ च्या मार्चमध्ये 'ट्विन गॅलेक्सीज'चं शटर खाली आलं. म्हणजे सगळं वैभव सव्वादोन वर्षांचं. पेशवाईतले काही कारभारीसुद्धा यापेक्षा जास्त टिकले.

पण त्या सव्वादोन वर्षांत एक गोष्ट घडली, ती मला फार आवडते. टिम मॅकव्हे हा तिथला सोळा वर्षांचा मुलगा. 'निब्लर' नावाचा खेळ. म्हणजे आपल्या जुन्या नोकियाच्या फोनवरचा साप आठवा, त्याचाच थोरला भाऊ. या मशिनचं वैशिष्ट्य असं की इतर खेळांत गुणांचे सहा-सात आकडे दिसत, यात नऊ आकड्यांची सोय होती. म्हणजे ते भरून ओलांडायचे तर शंभर कोटी! १९८४ च्या जानेवारीत या पोराने एका नाण्यात सुमारे ४४ तास खेळून १०० कोटींच्या वर गुण केले. या खेळात जादा जीव साठवून ठेवता येतात, त्यामुळे नैसर्गिक विधीला जायचं तर मागे चार-दोन साप मरू द्यायचे आणि पळत परत यायचं, असा हिशेब. त्याच महिन्यात गावाने एक दिवस त्याच्या नावाने साजरा केला. पुढे इटलीतल्या एका मुलाने त्याहून जास्त गुण केल्याचं पुढे आलं, तेव्हा या गृहस्थाने, आता चाळिशी उलटून गेलेली, पुन्हा जिद्दीने सराव केला आणि २०११ च्या नाताळात नवा विक्रम केला. त्यावर 'मॅन व्हर्सेस स्नेक' हा माहितीपट २०१५ मध्ये निघाला.

तुम्ही म्हणाल, ४४ तास पडद्यावर साप फिरवून जगाचं काय भलं झालं? काही नाही. पण पाच दिवसांच्या कसोटीत धावफलकावर शतक लागून तरी कोणाच्या विहिरीला पाणी लागतं? आपण खेळाला खेळाच्याच मापाने मोजतो, फक्त काही खेळांना ती सवलत द्यायची आणि काहींना नाही, हे मला पटत नाही.

आणि इथेच ऑटम्वाचं वेगळेपण आहे. न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टर या मोठ्या शहरात 'द स्ट्रॉंग' नावाचं खेळांचं अतिशय श्रीमंत संग्रहालय आहे. त्यांनी २०१५ पासून जगातल्या उत्तम व्हिडिओ गेमना मान द्यायला सुरुवात केली. पॉंग, पॅक-मॅन, टेट्रिस, मारिओ वगैरे पहिल्याच वर्षी आले. छान आहे. पण तिथे मान खेळाला. ऑटम्वात माणसांनाही मान, आणि माणसांत नुसते शोधकर्ते नाहीत, खेळाडूसुद्धा. पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत जपानच्या नामको कंपनीचे मासाया नाकामुरा होते. १९५५ मध्ये योकोहामातल्या एका मोठ्या दुकानाच्या गच्चीवर लहान मुलांना झुलायला दोन घोडे ठेवून त्यांनी धंदा सुरू केला होता, त्यातून पुढे पॅक-मॅन निघाला. दोन घोड्यांचा मालक आणि एका नाण्यावर दिवस काढणारं पोर, दोघांना एकाच यादीत जागा देणं ही कल्पना मला ग्रंथालयासारखी वाटते. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर असतंच, पण वाचकांचं रजिस्टरही कोणीतरी जपायला हवं.

आमच्याकडचं रजिस्टर कुठे गेलं?

नव्वदच्या दशकात आमच्या गावात एस.टी. स्टँडमागे दोन पार्लर होती. पत्र्याची शेड, आत काळोख, एक रुपयाला एक डाव. सगळ्यांत जास्त गर्दी 'मुस्तफा'ला. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, म्हणून आपल्या पोरांनी खेळाचंच नाव मुस्तफा करून टाकलं. भारतभर तेच नाव चाललं, हे मला अलीकडे नातवाने सांगितलं. कुठल्याही कंपनीला, कुठल्याही सभेला न विचारता हजारो गावांतल्या पोरांनी एकच नाव ठेवलं, हा भाषेचाही इतिहास आहे की नाही?

शाळा बुडवून तिथे जाणाऱ्यांना मी ओढून आणलेलं आहे आणि त्याबद्दल आजही माझं मत तेच आहे. फीचे पैसे मशिनमध्ये घालणं वाईटच. पण वर्गात खाली मान घालून बसणारा मुलगा तिथे मशिनपुढे उभा असायचा आणि त्याच्या मागे दहा जण श्वास रोखून बघत असायचे, हेही मी दारात उभी राहून पाहिलंय. आमच्या गुणपत्रकात त्या हाताला आणि त्या डोळ्याला रकाना नव्हता.

बऱ्याच मशिनवर जास्त गुण झाले की तीन इंग्रजी अक्षरं लिहिता यायची. नावाची, आडनावाची, वडिलांच्या नावाची. पण पुष्कळशा मशिनमध्ये वीज गेली की ती पुसली जात. आणि आपल्याकडे वीज! भारनियमनाच्या दिवसांत रोज दुपारी गावातल्या सगळ्या विक्रमवीरांची पाटी कोरी. आयोवातल्या पोरासाठी कोणीतरी पेन घेऊन उभं होतं, आमच्या पोराची तीन अक्षरं संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकली नाहीत.

वही ठेवली म्हणजे मात्र ती खरी ठेवावी लागते, आणि ही बाजू मी लपवणार नाही. 'ड्रॅगस्टर' नावाच्या मोटार शर्यतीच्या खेळात १९८२ पासून ५.५१ सेकंदांचा एक विक्रम मिरवत होता. पस्तीस वर्षांनी एका जाणकाराने खेळाची आतली आकडेमोड उलगडून दाखवली की ५.५७ च्या खाली जाणं शक्यच नाही! २०१८ च्या जानेवारीत तो विक्रम काढून टाकला. त्याच वर्षी 'डाँकी काँग' खेळातल्या बिली मिचेल या फार मोठ्या खेळाडूचे गुणही काढले गेले, खऱ्या मशिनवरचे नाहीत म्हणून. त्याने आरोप नाकारले, कोर्टकचेरी झाली, २०२४ मध्ये तडजोड होऊन ते गुण जुन्या नोंदींच्या दप्तरात परत ठेवले गेले. कोणी म्हणतं, अशा भानगडींमुळे हा सगळा प्रकारच पोरकट ठरतो. मला उलट वाटतं. ज्या नोंदीवर माणसं पस्तीस वर्षांनी हिशेब मांडून भांडतात, ती नोंद लोकांना महत्त्वाची आहे. संग्रहालयाने हा वादही भिंतीवर लावावा. नुसते हारतुरे घातलेले फोटो लावणारी संग्रहालयं आपल्याकडे काय कमी आहेत?

राहता राहिला पैशांचा प्रश्न. गावात रस्ते, शाळा, दवाखाने असताना हे कशाला, हे कोणीही विचारणार आणि विचारायलाच हवं. नगरपालिकेने कर्ज काढून महाल बांधावा असं मी म्हणणार नाही. पण पुण्याच्या केळकर संग्रहालयाचं काय? एका माणसाने दिवे, अडकित्ते, दौती गोळा केल्या, तेव्हाही अनेकांनी भंगार म्हटलं असेल. एका जिद्दी माणसाची माया आणि चार खोल्या, बहुतेक संग्रहालयं इथूनच सुरू होतात. कारखाना गेला, माणसं गेली, अशा गावाने आपल्याकडे उरलेली एक खरी गोष्ट घट्ट धरून ठेवली, तर त्याला हसण्यासारखं मला काही दिसत नाही.

आपल्याकडे ती पार्लर चालवणारे बरेच जण अजून हयात असतील, साठीच्या अलीकडे-पलीकडे. कोणाच्या माळ्यावर एखादं मशिन गंजत पडलं असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आणि एका रुपयात मुस्तफा शेवटपर्यंत नेणारी पोरं कोण होती, तेवढी नावं विचारून घ्या. आमच्या गावची तीन मला आठवतात. एक आता एस.टी.त वाहक आहे, एक दुबईला असतो. तिसऱ्याचा पत्ता मी शोधते आहे.