ढिगाऱ्यापाशी गप्प का राहायचं?

काय दोस्तांनो, तेरखेडा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? फटाके! धाराशिव जिल्ह्यातलं हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध. दारूकामाच्या गावातल्या मुलांना एक गोष्ट लहानपणीच कळते : धोक्याच्या ठिकाणी नुसती हिंमत भागत नाही, रीतही माहीत लागते. आज अशाच रीतीची गोष्ट.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बुडवून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भूकंपाने कोसळली. हजारो माणसं गेली. घरं दगडमातीची, वर मातीचं जाड माळवद. सिमेंटचा स्लॅब पडला तर त्याखाली कधीकधी पोकळी राहते, हवा राहते. माळवदाची माती मात्र सगळं बुजवून टाकते. गावकरी पहार-फावडी घेऊन धावले, मग लष्कराचे जवान आले. पण फक्त याच कामासाठी शिकवलेलं दल तेव्हा देशात नव्हतं.

ओडिशाचं चक्रीवादळ (१९९९), भूजचा भूकंप (२००१) आणि त्सुनामी (२००४) यांनंतर २००५ साली कायदा झाला आणि २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे इथे आहे. राज्याचं वेगळं दल धुळे आणि नागपूरला आहे.

हे जवान आल्या आल्या खोदायला लागत नाहीत बरं का! आधी सगळ्यांना गप्प करतात. यंत्रं बंद, बोलणं बंद. मग हाक मारतात आणि कान देतात. बारीक कंप टिपणारं यंत्र लावतात, लांब दांडीवरचा कॅमेरा फटीत सोडतात. शिकवलेला कुत्रा माणसाचा वास लागला की भुंकतो. जागा कळली की आधी टेकू, मगच कापाकापी. एक चुकीचा दगड काढला, तर वरचं सगळं खाली!

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला पाच मजली इमारत पडली. दुसऱ्या दिवशी, सुमारे एकोणीस तासांनी, चार वर्षांचा एक मुलगा जिवंत बाहेर आला. घाई केली असती तर?

पण सुदुंबऱ्याहून मराठवाड्यात पोचायला कित्येक तास लागतात. तोवर कोण? अग्निशमन दल, पोलीस आणि शेजारी! आणि शेजाऱ्याकडे अशी एक माहिती असते, जी कुठल्याच यंत्रात नसते : आजी कोणत्या खोलीत झोपते, घरात पाहुणे होते का, गॅसची टाकी कुठे आहे. हे सगळं तुम्हालाही ठाऊक असतं. विचारलं की नीट सांगायचं. एरवी ढिगाऱ्यावर चढायचं नाही आणि गर्दी करायची नाही.

आणि स्वतःच अडकलात तर? तोंडावर कापड धरा. सारखं ओरडून दम घालवू नका. पाइपवर किंवा भिंतीवर थांबून थांबून ठोका. काडी मात्र ओढू नका.

मदतीसाठी ११२, आगीसाठी १०१. आज घरी हे दोन्ही नंबर किती जणांना पाठ आहेत, विचारून बघा. आईबाबांनाही सूट नाही हं!