दुबईची सहल, भिशीच्या हिशेबात



यंदाच्या सुट्टीत आमच्या घरात एकच विषय होता. साताऱ्याचे आम्ही चौघे आणि सांगलीच्या आपाच्या घरचे तिघे, अशी सात माणसं अबूधाबीला जाणार. तिथल्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड नावाची मोठी खेळबाग आहे. 2010 साली सुरू झालेली, वर लाल छप्पर, आणि तिथला 'फॉर्म्युला रोसा' हा पाळणा ताशी 240 किलोमीटर वेगानं धावतो. हा आकडा थोरल्यानं इतक्या वेळा ऐकवला की अम्मी एकदा म्हणाल्या, "एवढ्या वेगात बसून परत यायचंय कुठं, त्याच जागी ना?"

चुलतभाऊ शारजात नोकरीला आहे. तिथून यास बेट सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे साधारण सांगली ते सातारा. "भाड्यानं गाडी घ्या आणि जा, रस्ता सरळ आहे," असं तो गेली तीन वर्षं सांगतोय. त्याची स्वतःची गाडी पाच जणांची, आणि आठवडाभर त्याला कामातून सुटका नाही. तेव्हा गाडी आपणच चालवायची हे ठरलं.

ट्रॅव्हल एजंटानं पहिल्याच भेटीत पॅकेज पुढं केलं. पाच रात्री, सगळं धरून, आणि पैसे बारा हप्त्यांत. वर 'नो कॉस्ट'. भाऊजी सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितात, त्यांनी एकच प्रश्न विचारला: "रोख दिले तर किती?" रोखीचा भाव कमी निघाला. म्हणजे व्याज होतंच, फक्त किमतीच्या पोटात शिरलेलं. शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, हे रिझर्व्ह बँकेनं 2013 सालीच बँकांना सुनावलं होतं. आपल्या घरांत व्याजाचं कर्ज घेऊन लग्न करायला लोक कचरतात, निदान कचरायला हवं. मग पाळण्यात बसायला ते कशाला? तो कागद आम्ही घडी करून परत दिला.

मग स्वतः हिशेब मांडला. दिरहमचा भाव 24 रुपये धरला. विमानाचं येण्याजाण्याचं तिकीट माणशी वीस हजार धरून सात जणांचे 1,40,000. व्हिसा माणशी सात हजारांप्रमाणे 49,000. बागेचं तिकीट माणशी सव्वातीनशे दिरहम धरलं तर साधारण 55,000. दोन दिवस सात जणांची गाडी, पेट्रोल आणि टोल मिळून 18,000. हॉटेलच्या दोन खोल्या, दोन रात्री, 24,000. जेवणखाण 24,000. साताऱ्याहून मुंबई विमानतळ आणि परत, तिथलं पार्किंग, 15,000. भेटवस्तू आणि अडीअडचण 15,000. बेरीज तीन लाख चाळीस हजार. पासपोर्ट यात धरलेले नाहीत. ते मोठ्यांना दीड हजार आणि मुलांना एक हजार रुपयांत होतात, सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो, म्हणून जायचं नक्की होईपर्यंत काढू नये.

हॉटेल कशाला, भावाचं घर आहे की, असं कुणीही म्हणेल. आम्हीही म्हटलं. पण शारजात त्याच्याकडे एक खोली आणि हॉल आहे, दोन लहान मुलं आहेत, आणि वहिनी सकाळी सहाला कामावर निघते. मेहमानी तीन दिवसांची, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सात माणसांनी तीन दिवस राहणं हेही जड आहे. चौथ्या दिवशी आपण पाहुणे राहत नाही, ओझं होतो. म्हणून तीन रात्री त्याच्याकडे आणि दोन हॉटेलात. हॉटेलचे चोवीस हजार आम्ही नात्याच्या खात्यात लिहिले आहेत.

बेरजेचा कागद जेवणानंतर मधोमध ठेवला होता. अम्मींनी चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, "एवढ्यात एक माणूस हजला जातो ना?"

कुणी काही बोललं नाही. हज कमिटीतर्फे जाणाऱ्याला हल्ली तीन लाखांच्या वर खर्च येतो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अम्मींचा एक डबा आहे. अब्बा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या मागं मिळणाऱ्या पेन्शनमधून अम्मी उमऱ्यासाठी बाजूला काढतात. त्या टोचून बोलल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जुम्यानंतर इमामसाहेबांना विचारलं. त्यांनी आम्हाला रागावलं नाही. बायकामुलांना घेऊन फिरायला जाणं वाईट नाही, म्हणाले, दुनियेत फिरून पाहायला कुरआनानंच सांगितलं आहे. पण ज्याच्याकडे गरजा आणि देणी भागवून हजपुरता पैसा एकरकमी साठलेला आहे, त्यानं आधी हज करावा. तुमच्याकडे तो साठलाय का? नाही, आमचा पैसा महिन्याला येतो आणि महिन्याला जातो. मग उधार-व्याजाशिवाय, इसराफ न करता जा, आणि वालिदांचं काय ते आधी बघा.

त्या रात्री डबे दोन झाले. अम्मींच्या डब्यात साताऱ्यातून दोन हजार आणि सांगलीतून दोन हजार, पगाराच्या दिवशी, आधी. सहलीचा डबा त्यानंतर. अम्मींचा उमरा आधी होणार आणि सहल एका वर्षानं पुढं जाणार. मुलांचे चेहरे पडले. आपाची मुलगी तर दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आपाला मात्र हे पटायला वेळ लागला नाही. आमच्यातल्याच एकाला लागला, ते नाव सांगायला नको.

तीन लाख चाळीस हजारांत साताऱ्याचा वाटा चार माणसांचा, म्हणजे सुमारे 1,95,000. सांगलीचा 1,45,000. आमच्या मोहल्ल्यातली भिशी वीस जणींची आहे, महिना पाच हजार, उचल एक लाख. उरलेले पंचाण्णव हजार अठरा महिन्यांत साठवायचे तर महिन्याला सव्वापाच हजारांहून थोडे जास्त. दोन्ही मिळून दहा हजारांच्या वर जातात आणि ते आम्हाला सोपे नाहीत. घरी येणारी बिर्याणी बंद झाली, एका मोबाइलचं नवं मॉडेल पुढं गेलं. भिशीबद्दल एक सांगायला हवं: ती ओळखीच्या माणसांचीच असावी, आणि बोली लावून कमी रकमेला उचलण्याची भिशी टाळावी. चिठ्ठी टाकून पूर्ण रक्कम देणारी भिशी म्हणजे सरळ एकमेकींना दिलेली उसनवार, तिच्यात कुणाला नफा नाही.

तिकिटाच्या तारखाही हिशेबातच धरा. आपल्याकडे लांब सुट्टी मे महिन्यात, तेव्हा तिकडे पारा चाळिशीच्या पुढं असतो. सध्या बकरी ईदही त्याच सुमारास येते, कुर्बानीचा खर्च वेगळा. आम्ही दिवाळीची सुट्टी धरली आहे. तेव्हा तिकडची हवा उतरलेली असते, तिकिटं मात्र चढलेली, म्हणून ती चार-पाच महिने आधी घ्यायची.

आता गाडी. पर्यटक म्हणून गेलेल्या भारतीयाला तिथं भाड्याची गाडी चालवायची तर आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. ते आपल्याच आरटीओत मिळतं, साताऱ्याच्या एमएच-11 ला किंवा सांगलीच्या एमएच-10 ला. अर्ज ऑनलाइन, फी हजार रुपये, मुदत एक वर्षाची. दोघांनी काढलं तर आलटून-पालटून चालवता येतं. तिकडे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं आणि स्टिअरिंग डावीकडे. पंचवीस वर्षं साताऱ्यात गाडी हाकलेल्या माणसाचाही हात पहिल्या चौकात चुकतो, असं भाऊ सांगतो. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तासभर सराव, मग हायवे.

दुबईत टोलला सालिक म्हणतात, वेळेप्रमाणे चार ते सहा दिरहम. नाका नाही, थांबणं नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि भाड्याची कंपनी नंतर पैसे कापते. अबूधाबीत 'दर्ब' आहे, तो फक्त गर्दीच्या वेळी, चार दिरहम. तासवडे आणि आनेवाडीच्या रांगांत वाढलेल्या आपल्या लोकांना टोल कधी लागला हे कळतसुद्धा नाही, बिल बघून कळतं. वेगाचंही तसंच. दुबईत पाटीवरच्या आकड्यावर वीसची सूट असते, अबूधाबीच्या हद्दीत ती नाही. चार वर्षांखालच्या मुलाला वेगळी चाइल्ड सीट सक्तीची आहे, नसेल तर 400 दिरहम दंड. आमच्या बजेटमध्ये दंडाचा रकाना नाही.

गाडी चालवायची हिंमत नसेल तर दुबईहून अबूधाबीला सरकारी बस आहे, तिकीट 25 दिरहम. चार माणसांच्या कुटुंबाला तीच परवडेल. आम्ही सात जण, म्हणून गाडी.

रंगीत तालीम मात्र आम्ही घरच्या रस्त्यावर केली. गेल्या हिवाळ्यात आपाचं घर सांगलीहून पेठ नाका, कराड करत साताऱ्यात आलं. पहाटे एका गाडीतून सगळे निघालो. खंबाटकी, खेड-शिवापूर, पुणे, एक्स्प्रेस वे, आणि खोपोलीजवळ इमॅजिका. 2013 पासूनची बाग. शाळांच्या सहली तिथं जातात. खंबाटकीत कुणाला उलटी होते, कुणाला दर तासाला चहा लागतो, कोण मागच्या सीटवर बसायला तयार नसतं, हे सगळं त्या दिवशी कळलं. आणखीही एक कळलं. मोठ्या पाळण्याच्या दारात उंचीची पट्टी असते, आणि आमच्या धाकट्याला तिथून परत फिरावं लागलं. चूक आमचीच होती, घरी मोजायला हवं होतं. फॉर्म्युला रोसाला उंची 140 सेंटिमीटर लागते.

बॅग भरताना बायकांनी हे ध्यानात ठेवावं. अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. शीरखुर्म्यासाठी वेगळी बांधून दिलेली पुडी तर नाहीच, पण साताऱ्याकडच्या कांदा-लसूण मसाल्यातही पुष्कळ घरांत खसखस भाजून घालतात. भावासाठी दोन किलो मसाला नेणार होतो, तो आता खसखशीशिवाय वेगळा कुटायचा आहे. विड्याची पानं आणि गुटखा यांनाही मनाई. खोकल्याच्या काही औषधांत आणि वेदनेच्या गोळ्यांत तिकडे बंदी असलेले घटक असतात, म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवी. सांगलीची हळद मात्र खुशाल न्या.

नमाजची अडचण तिथं नाही. मॉलमध्ये, हायवेच्या पेट्रोल पंपावर नमाजची जागा असते. आपल्या रस्त्यावर ढाब्याच्या मागं चटई टाकणाऱ्यांना हे फार जाणवेल. हनफी हिशेबानं 78 किलोमीटरच्या पुढं सफर आणि मुक्काम पंधरा दिवसांहून कमी, तेव्हा चार रकातींच्या फर्जच्या दोन होतात. मुकीम इमामाच्या मागं मात्र पूर्ण चार. शाफई घरांचा हिशेब वेगळा, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं.

बागेच्या दुसऱ्या दिवशी शेख जायद मशीद. 2007 साली खुली झाली, आत इराणमध्ये हातानं विणलेला गालिचा आहे, साडेपाच हजार चौरस मीटरच्या वर. प्रवेशाला पैसे नाहीत, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं. सात माणसांच्या सहलीत तो पूर्ण दिवस जवळजवळ फुकट जातो. अम्मींनी या मशिदीचा फोटो मोबाइलवर बराच वेळ पाहिला. "बघू, मला पण न्या" असं म्हणतील, असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी मक्का बघून आले की मग बघू."

त्यांचा अर्ज आता एजंटकडे गेला आहे. मागच्याच आठवड्यात आम्ही स्वयंपाकघराच्या चौकटीशी मुलांना उभं करून पेन्सिलीनं खुणा केल्या. थोरला 151. आपाची मुलगी 143. धाकटा 134, आणि त्यानं त्याच दिवसापासून दूध प्यायला सुरुवात केली आहे.