मुखपृष्ठावरचा मंगळवासी

जुन्या विज्ञानकथांची मुखपृष्ठे जमवावी, चार जणांत पसरावी आणि त्यांवर मनसोक्त हसावे, ही सुशिक्षितांची एक मान्यताप्राप्त करमणूक होऊन बसली आहे. तांबरमला वायुदल, रेल्वे आणि हिशेबखाते यांच्या चाकरीत आलेले आमचे मराठी बांधवही तिला अपवाद नाहीत. हसण्याला आमची हरकत नाही. अर्ल बर्गी या अमेरिकन चित्रकाराने १९४० च्या दशकात ‘स्टार्टलिंग स्टोरीज’सारख्या मासिकांतून रूढ केलेली पठडी पाहावी. पुरुष नखशिखान्त अंतराळवेषात, मस्तकावर काचेचा घुमट; शेजारची तरुणी मात्र पितळी काचोळीत. निर्वात पोकळीत त्या बाईंचा श्वासोच्छ्वास कसा चालतो, हे विचारण्याचे धैर्य कोणत्याही संपादकास झालेले दिसत नाही. मागे बटाट्याएवढ्या डोळ्यांचा हिरवा राक्षस. कोट्यवधी मैलांचा प्रवास करून तो आला, तो नेमका हिलाच उचलण्यासाठी! आणि विज्ञान ते काय, तर कोपऱ्यात एक शनी.

आमची तक्रार आहे ती या हसण्याच्या नेमाबद्दल. बाण सुटतो तो चित्रकारावर, आणि पुष्कळदा अपराधी दुसराच असतो.

ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या ‘अमेझिंग स्टोरीज’चा पहिला अंक एप्रिल १९२६ चा. त्यावर फ्रँक पॉल यांचे चित्र आहे. आकाशात भलाथोरला कडीवाला ग्रह, खाली बर्फावर घसरगुंडीचा खेळ खेळणारी माणसे, आणि बर्फाच्या सुळक्यांवर अधांतरी चढून बसलेली गलबते. पाहणारा म्हणतो, चित्रकाराला भांग चढली असावी. वस्तुतः पॉलने अक्षरही पदरचे घातलेले नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत धूमकेतूवर वाहून गेलेली माणसे गोठलेल्या समुद्रावर खरोखरच घसरत जातात, शनी पाहतात, आणि त्यांची जहाजे बर्फाने खरोखरच उचलून धरलेली असतात. ज्याने पुस्तक वाचून चित्र काढले त्याला वेडा ठरवायचे, ते पुस्तक न वाचणाऱ्यांनी! पॉलची माणसे लाकडी असतात हे मात्र खरे. ते शिकले होते वास्तुरचना. यंत्र आणि इमारत काढताना त्यांचा हात जसा खुलतो, तसा माणूस काढताना खुलत नाही.

आता घरच्या कपाटाकडे वळू. कोचीनला १८८६ साली जन्मलेल्या ‘केरळकोकिळा’ने १९०० च्या सुमारास व्हर्न मराठीत आणला. मराठी विज्ञानसाहित्याचे पहिले पाऊल ज्या मासिकात पडले, त्याचे जन्मस्थान महाराष्ट्राबाहेर आहे, हे आपणा परमुलुखवासीयांनी अवश्य ध्यानी ठेवावे. पण पुढे काय झाले? रहस्यकथेला रघुवीर मुळगावकर लाभले. बाबुराव अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार त्यांच्या कुंचल्यातून उतरले, शिष्टांनी नाके मुरडली, आणि वाचकांनी पुस्तके उचलली. विज्ञानकथा आली ती ज्ञानप्रसाराचे बोट धरून. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. तिच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाखाली. लेखकालाच जेथे नावावर आच्छादन घ्यावेसे वाटले, तेथे चित्रकार कसला धीट होतो! मुखपृष्ठाने शाळेचा गणवेश चढवला: एक सर्पिल दीर्घिका, एक परीक्षानळी, एक विचारमग्न टक्कल, आणि तुपाच्या डब्याला हातपाय फुटावे तसा यंत्रमानव. शीर्षकावर बोट ठेवले तर ही कादंबरी आहे की नववीचे पाठ्यपुस्तक, हे सांगणे कठीण.

हास्यास्पद म्हणायचे तर हे आहे. बर्गीचा राक्षस खोटा असेल, पण आत काही विलक्षण घडणार आहे एवढे वचन तरी तो देतो. आमची दीर्घिका कसलेच वचन देत नाही. कृष्णविवराजवळून परतणाऱ्याचे घड्याळ आणि घरच्यांचे घड्याळ जुळत नाही, या कल्पनेत केवढे माणसाचे दुःख आहे! मुळगावकरांनी तेथे दोन चेहरे काढले असते. असल्या कथेवर उडते अग्निबाण मिळते, कारण चित्रकाराच्या हाती हस्तलिखित पडतच नाही. त्याला शीर्षक कळवतात आणि मुदत कळवतात, असाच आमचा तर्क आहे.

आमच्या शेजारचे तमिळ बांधव या बाबतीत अधिक शहाणे निघाले. ‘सुजाता’ या नावाने लिहिणारे एस. रंगराजन हे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधले अभियंते. यांत्रिक कुत्रा ‘जीनो’ असलेली त्यांची ‘एन् इनिय इयंदिरा’ ‘आनंद विकटन’मध्ये क्रमशः आली. सुजातांचे नाव निघाले की तमिळ वाचक चित्रकार जयराज यांचेही नाव घेतो. चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाने तर २०१० मध्ये ‘कुमारी लव्हज् अ मॉन्स्टर’ काढून जुन्या मुखपृष्ठांचीच थट्टा केली. तेथे राक्षस कुमारीला पळवत नाही, दोघांचे प्रेम जमते. आणि चित्रे काढली ती तमिळ खिशातल्या कादंबऱ्यांचे चित्रकार श्याम यांनी. थट्टा अशी करावी: चित्रकाराला बरोबर घेऊन, त्याचे नाव छापून.

आपण काय करतो? आपल्या मंडळांच्या ग्रंथालयांत पुस्तक खिळखिळे झाले की बायंडरकडे जाते आणि तपकिरी कापडात, आडनाव हरवलेल्या माणसासारखे, परत येते. मुखपृष्ठ रद्दीत. ज्या चित्रांवर आपण हसतो त्यांचा मागमूस आपणच पुसतो, आणि चित्रकाराचे नाव तर दाखल नोंदवहीत कधी लिहिलेलेच नसते. लेखक, प्रकाशक, किंमत, पृष्ठे एवढेच रकाने. मुखपृष्ठ आधी सोडवून पुस्तकाच्या आत चिकटवण्यास बायंडर फार तर दोन रुपये जास्त मागेल. राहिला चित्रकाराच्या नावाचा रकाना. तो आखून घ्यावा. पट्टी आणि पेन्सिल आपल्या खात्यांत अजून मिळतात.