डासाचे वेळापत्रक

मैत्रिणींनो, दिवाळीच्या सुटीत कुठे जायचे ठरले की आपली तयारी आठ दिवस आधीच सुरू होते. चिवड्याचे डबे, औषधांची पिशवी, मुलांचे जादा कपडे, शेजारी किल्ली. या यादीत डासांचा विचार कुठे असतो? फार तर शेवटी आठवण होते आणि पिशवीच्या कोपऱ्यात डासांच्या अगरबत्तीचा एक पुडा कोंबला जातो.

आपल्या कारंज्यातल्याच एका मैत्रिणीने विचारले आहे : "आम्ही घरची पाच माणसे मुंबईहून जहाजाने गोवा आणि कोची पाहायला जाणार आहोत. सुनेला चौथा महिना आहे, नातू पाच वर्षांचा आहे. सासूबाई घरीच राहतील. डेंग्यूच्या बातम्या ऐकून जीव धास्तावतो. सुनेला न्यावे का? आणि रात्री लावायची डासांची अगरबत्ती जहाजावर चालते का?"

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही, चालत नाही. आगीच्या भीतीने जहाजाच्या खोलीत असे काही पेटवू देत नाहीत. पण खरी गोम त्या "रात्री" या शब्दात आहे. डास म्हणजे रात्रीचा, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की दिवसा चावणाऱ्याकडे आपले लक्षच जात नाही.

कोण केव्हा चावतो?

मलेरियाचा म्हणजे हिवतापाचा डास (अॅनॉफिलीस) संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. हत्तीरोगाचा डास (क्यूलेक्स) गटारीच्या घाण पाण्यात वाढतो, तोही रात्रीचाच. पण डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही ताप पसरवणारा एडिस डास दिवसाचा आहे. रंगाने काळा, पायांवर पांढरे पट्टे. सकाळी उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि दुपार कलल्यापासून अंधार पडेपर्यंत याचा जोर असतो. सावलीच्या जागी तो भरदुपारीही सोडत नाही. टेबलाखाली, पलंगाखाली, पडद्यामागे दबा धरून बसतो आणि बहुतेक वेळा घोट्यापाशी, पोटरीवर चावतो.

आता जहाजाचा कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. रात्री जहाज भरसमुद्रात असते. तिथे डास जवळजवळ नसतातच. सकाळी ते बंदराला लागते, आपण उतरतो, दिवसभर फिरतो आणि संध्याकाळी परत येतो. म्हणजे जमिनीवर आपण नेमके एडिसच्याच वेळेत असतो. फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागा, कोचीजवळची खाडीतली नाव, नारळाच्या सावलीतले जेवण ही सगळी ठिकाणे गर्द, ओलसर आणि सावलीची. किनाऱ्याकडे पडलेल्या करवंट्यांत पाणी साचते. केरळात तर रबराच्या झाडांना चीक गोळा करायला वाट्या बांधतात, पावसात त्या भरतात आणि डासांचे पाळणाघर होते. शिवाय पाऊस ओसरल्यावरचे दोन-तीन महिने हा डेंग्यूचा भर हंगाम, आणि दिवाळी त्यातच येते.

बंदरावर उतरताना

तेव्हा तयारी सकाळी करायची, रात्री नव्हे. पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, सैल सुती कपडे घाला. घट्ट कपड्यातून डास आरपार चावतो. साडीपेक्षा सलवार-कुडता बरा, आणि चपलेऐवजी मोजे-बूट. फोटोत शोभणार नाही हे खरे, पण घोटे झाकले जातील.

उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावा. दुकानात मागताना सुगंध पाहू नका, डबीवरचे नाव वाचा. "डीट" किंवा "पिकारिडिन" असलेले मलम भरवशाचे. उन्हाचे मलमही लावणार असाल तर ते आधी, डासांचे त्याच्यावर. घामाने ते निघून जाते, म्हणून डबीवर दिलेल्या वेळेनंतर पुन्हा लावा. मुलांना आपण आपल्या हाताने लावावे. त्यांच्या तळहातांना, डोळ्यांजवळ आणि तोंडाजवळ लावू नये, कारण हात लगेच तोंडात जातात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मलम नकोच, त्याच्या पाळण्यावर जाळी घाला. कडुनिंबाचे तेल आणि कापूर यांचा गुण थोडाच वेळ टिकतो. दिवसभराच्या भटकंतीत त्यावर विसंबू नका.

बंदरात उभे असताना खोलीचा गच्चीकडचा दरवाजा लावून घ्या. गोव्यात उतरून हॉटेलात मुक्काम करणार असाल तर मात्र रात्रीचीही काळजी हवी. पंखा मोठा ठेवा, जाळ्या फाटक्या नाहीत ना ते पहा, आणि मच्छरदाणी असेल तर तिची कड गादीखाली खोचा.

सुनेला न्यावे का?

गरोदरपणी डेंग्यू झाला तर आईला आणि बाळाला, दोघांनाही जास्त जपावे लागते. मलेरियाही या काळात जोर करतो. झिकाची गोष्ट आणखी वेगळी. मोठ्या माणसाला तो सौम्य तापासारखा येऊन जातो, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटवू शकतो. आपल्या महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी सापडला. 2024 मध्ये पुण्यात झिकाचे बरेच रुग्ण निघाले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. म्हणजे हा आजार दूर कुठल्या परदेशातला राहिलेला नाही.

म्हणून माझे सांगणे असे. आधी तिच्या डॉक्टरीणबाईंना कुठे जाणार, किती दिवस, हे सांगून विचारा. चौथा ते सहावा महिना हा एरवी प्रवासाला सोयीचा काळ समजतात. चोवीस आठवडे भरल्यावर बऱ्याच जहाज कंपन्या गरोदर बाईला घेतच नाहीत, तेव्हा तारखा मोजून पहा. निघण्याच्या आठवड्यात त्या गावी झिकाची किंवा डेंग्यूच्या साथीची बातमी असेल तर सुनेला नेऊ नका, किंवा सगळ्यांनीच बेत पुढे ढकला. जहाज पुढच्या वर्षीही सुटणार आहे. बातमी नसेल आणि डॉक्टरांची परवानगी असेल तर खुशाल न्या. पण बागा आणि खाडी तिने टाळावी. जहाजावर बसून समुद्र पाहावा, किंवा थोडा वेळ मोकळ्या, वाऱ्याच्या जागी फिरून यावे. डबीवरच्या सूचनेप्रमाणे मलम गरोदर बाईने लावायला हरकत नसते. ती टाळण्याची गोष्ट नाही, तिला तर ते सर्वांत जास्त हवे. एक नाजूक गोष्टही सांगते : झिका पतीकडून पत्नीकडेही जाऊ शकतो. म्हणून मुलालाही पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मलम सक्तीचे करा. "मला नाही चावत डास," हे ऐकून घेऊ नका!

मागे राहिलेले घर

आता ज्या गोष्टीचा विचार कोणीच करत नाही, ती. एडिसच्या अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. आणि आपली सहल केवढी? मूर्तिजापूरला जाऊन गाडी धरायची, मुंबई, जहाज, परतीचा प्रवास, मध्ये एखाद्या नातेवाइकाकडे दोन दिवस. मिळून आठ-दहा दिवस. म्हणजे आपण परत येऊन घर उघडतो तेव्हा डासांची एक नवी पिढी आपल्या स्वागताला तयार!

एडिसला गटार लागत नाही. त्याला आपले स्वच्छ, साठवलेले पाणी आवडते. नळ आला की सगळी भांडी भरून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. ती चुकीची नाही, पण झाकण हवे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. एकदा सहावीच्या मुलांना घरात पाणी साचते अशा जागा लिहून आणायला सांगितल्या. रांजण, हौद आणि गच्चीवरची टाकी सगळ्यांनीच लिहिली. पण एकाने फ्रिजच्या मागची ताटली लिहिली, एकीने मनीप्लँटची बाटली, आणि एकाने पाखरांसाठी ठेवलेले मडक्याचे खापर. आपल्या वऱ्हाडात आणखी एक मोठी जागा म्हणजे कूलर. पावसाळ्यात तो बंद, पण खिडकीबाहेर तसाच उभा. टाकीत पावसाचे पाणी, आत ओले गवत. डासाला याहून चांगली माहेरची खोली कुठली मिळणार?

निघायच्या आदल्या दिवशी रिकामे करता येईल ते सारे रिकामे करा. नुसते ओतून भागत नाही. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटवते आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, पुन्हा पाणी आले की फुटतात. म्हणून आतून घासणीने खसखसून घासा, मग पालथे घाला. आठवड्यातून एक "कोरडा दिवस" पाळा असे आरोग्य खाते सांगते ते याचसाठी. जो हौद रिकामा करता येत नाही त्याच्यावर जुन्या सुती साडीचे दुपदरी कापड घट्ट बांधा, किंवा हिवताप कार्यालयाकडून गप्पी मासे मागून त्यात सोडा. घरी राहणाऱ्या सासूबाईंना मधल्या कोरड्या दिवशी वाकायला लावू नका. शेजारच्या मुलाला सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. आपण जसे गोव्याला उतरतो तशी माणसे आपल्या गावात उतरतात. गुरुमंदिराच्या दर्शनाला लांबलांबून भक्त येतात, मुक्काम करतात. त्यांच्या दृष्टीने आपले गाव हेच बंदर. एडिस जिथे जन्मतो तिथून शे-दोनशे पावलांच्या आतबाहेरच बहुधा फिरतो. तेव्हा पाहुण्याला चावणारा डास हा आपल्याच गल्लीतल्या कुठल्या तरी रांजणातला असतो.

परत आल्यावर दोन आठवडे

डास चावला की लगेच ताप येत नाही. डेंग्यूला चार ते दहा दिवस, चिकुनगुनियालाही साधारण तेवढेच, मलेरियाला बहुधा एक-दोन आठवडे आणि कधी काही महिनेही लागतात. म्हणून परतल्यावर दोन आठवडे घरातल्या कोणालाही ताप आला तर "दगदग झाली असेल" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा : "आम्ही अमुक तारखेला अमुक गावाहून आलो." त्या एका वाक्याने कोणती रक्ततपासणी करायची हे ठरते. पुढे कित्येक महिन्यांनी थंडी वाजून ताप आला तरी प्रवासाचा उल्लेख करा.

तापाला पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, ताक, पेज, सरबत भरपूर द्या. आणि हे नीट लक्षात ठेवा : डेंग्यूचे नाजूक दिवस ताप उतरताना सुरू होतात. ताप गेला म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि तेव्हाच पोटात जोराने दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, फार ग्लानी किंवा तगमग, लघवी कमी होणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका, तडक दवाखाना गाठा. गरोदर सुनेला तर साधा ताप आला तरी त्याच दिवशी दाखवा. पपईच्या पानांचा रस पाजत घरी बसून राहणे हा उपाय नव्हे.

तापाच्या माणसाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवा. तो आजारी आहे म्हणून तर आहेच, पण आपल्या घरचा डास त्याला चावला तर तोच पुढे गल्लीभर ताप वाटत फिरतो. ही नुसती भीती नव्हे. 2007 च्या उन्हाळ्यात केरळहून इटलीत नातेवाइकांकडे गेलेल्या एका प्रवाशाबरोबर चिकुनगुनिया गेला आणि तिथल्या दोन लहान गावांत दोनशेच्या वर माणसे सांधे धरून बसली. ज्यांनी ही जागा नकाशात कधी पाहिली नव्हती त्यांना तो ताप झाला! आपल्याकडे 1973 साली बार्शीला या तापाची साथ आली होती, मग तीस-बत्तीस वर्षे तो दिसेनासा झाला आणि 2006 मध्ये राज्यभर उसळला. तेव्हा नावात "चिकन" ऐकून काहींनी कोंबडीच सोडली होती. नाव आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतले आहे, अर्थ "वाकवून टाकणारा". कोंबडीचा त्यात काही दोष नाही.

निघण्यापूर्वी एवढे करा

- भांडी, कूलर, कुंड्यांच्या थाळ्या घासून पालथ्या. हौदाला कापड.
- हातपिशवीत डासांचे मलम, प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचा एक जोड, मोजे.
- औषधांत पॅरासिटामॉल आणि तापमापक.
- जाण्या-येण्याच्या तारखा आणि थांबलेली गावे एका कागदावर. हा कागद परतल्यावर फेकू नका, महिनाभर स्वयंपाकघराच्या दाराला लावून ठेवा.

एवढे केलेत की मग खुशाल निघा, आणि नातवाला समुद्र दाखवा. आपल्या वऱ्हाडच्या लेकराला तो एकदा तरी पाहायला मिळालाच पाहिजे, नाही का?